घसरून परत आलेल्या माणसाला आपण काय म्हणतो?

नाशिकमधल्या मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक मित्रमैत्रिणींना खुलं पत्र

सस्नेह नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात नाशिकरोडला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना साथ देणाऱ्या माणसांच्या गटाच्या, एका खुल्या सभेला गेले होते. खुली सभा म्हणजे जिथे न पिणाऱ्यालाही बसता येतं. शाळेचा वर्ग होता. बाकं लहान मुलांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. फळ्यावर सकाळचा सातचा पाढा तसाच होता. सभा निम्मी झाल्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ आत आले, मागच्या बाकावर बसले आणि पाळी आल्यावर म्हणाले, "मी मद्यपी. चार वर्षं सोबर होतो. पुतण्याच्या हळदीला घेतली. आज तिसरा दिवस आहे."

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणणार, चार वर्षांवर पाणी फिरवलंत की हो! कुणी म्हटलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या तिसऱ्या दिवसासाठी होत्या. सभा संपल्यावर एका वयस्कर माणसाने खिशातली छोटी डायरी काढली, नंबर लिहिला, पान फाडून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आज झोपायच्या आधी एक फोन. काही बोलायचं नसलं तरी."

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. हे गृहस्थ माझे क्लायंट असते, तर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले असते का? नसते आले. "मॅडम, जरा गावी आलोय" असा मेसेज आला असता, मग पुढची अपॉइंटमेंट चुकली असती, आणि तीन-चार महिन्यांनी त्यांच्या बायकोचा फोन आला असता. असे फोन मला पुष्कळ आलेत. तुम्हालाही आले असतील.

हे पत्र त्या तीन-चार महिन्यांबद्दल आहे. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनी एकमेकांसाठी जे शोधून काढलं, ते आपल्या थेरपीच्या खोलीत कमी पडतंय असं मला वाटतं. ते आपण उचलायला हवं, आणि ते दारूच्या क्लायंटपुरतं ठेवू नये, पॅनिक, मंत्रचळ (ओसीडी), नैराश्य घेऊन येणाऱ्यांसाठीही वापरावं, अशी माझी विनंती आहे.

आधी माझी चूक सांगते. प्रॅक्टिस सुरू करून मला वर्षही झालं नव्हतं. गंगापूर रोडला एक छोटी खोली घेतली होती. निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार आले. झोप लागत नव्हती, बँकेचं कर्ज होतं, दोन हंगाम लागोपाठ गेले होते. बोलता बोलता कळलं की रोज रात्री घेतात. मला शिकवलं होतं तसं मी म्हटलं, "आधी दारू सोडा, मग या. तोवर थेरपीचा उपयोग होणार नाही." ते हात जोडून "बरं मॅडम" म्हणाले आणि गेले. त्यांचा केसपेपर माझ्याकडे अजून आहे. एकच पान आहे.

झोप न लागणारा माणूस झोपेसाठी पितो, आणि मी त्याला झोपेचा प्रश्न सोडवायला येण्याआधी पिणं सोडून ये म्हणत होते. हे मला तेव्हा दिसलं नाही. आजही आपल्यापैकी कित्येक जण फोनवरच हे वाक्य बोलतात, "व्यसनाच्या केसेस मी घेत नाही." विशेष प्रशिक्षण नसेल तर सांभाळून राहावं हे मान्य. पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घातल्या आहेत. सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात, मद्यावर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं आढळलं. उरलेले 37 कुठे असतात? काही आपल्याच वेटिंगमध्ये असतात. छातीत धडधड, बीपी, चिडचिड, 'नवरा-बायकोचं पटत नाही' अशा नावांनी. आपण झोप विचारतो, भूक विचारतो. ग्लास विचारत नाही. कॉलेज रोडवरच्या सुशिक्षित बाईला तर नाहीच विचारत. द्राक्षांच्या आणि वाइनच्या या गावात "वाइन म्हणजे काय दारू असते का?" हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या घरांतून ऐकलंय. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी आहे, पाच मिनिटंही लागत नाहीत. ती पहिल्या भेटीत सरसकट सगळ्यांना द्यायला काय हरकत आहे?

आता घसरण्याबद्दल. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी 1980 च्या दशकात एक साधी गोष्ट नेमकी मांडली. पहिला पेग माणसाला जितका बुडवत नाही, तितका त्या पेगनंतरचा विचार बुडवतो. "झालं, गेलं सगळं. मी असाच. आता काय उरलंय?" या विचाराच्या जोरावर एका पेगची बाटली होते आणि एका रात्रीचे सहा महिने होतात. म्हणून व्यसनमुक्तीत काम करणारी माणसं स्लिप आणि रिलॅप्स यांत फरक करतात. स्लिप म्हणजे पाय घसरला. रिलॅप्स म्हणजे तिथेच बसून राहिला. मधल्या वेळात कुणी हात दिला की नाही, यावर पुष्कळ काही ठरतं.

हे फक्त दारूचं नाही, हे मला एका क्लायंटमुळे कळलं. चाळिशीच्या बाई, पॅनिकचा त्रास. पाच महिन्यांच्या कामानंतर नाशिकरोडहून सीबीएसपर्यंत सिटीलिंकच्या बसने एकट्या जाऊ लागल्या होत्या. एके दिवशी द्वारकेच्या चौकात ट्रॅफिकमध्ये बस अडकली, अटॅक आला, त्या मधेच उतरल्या आणि नवऱ्याला बोलावून घरी गेल्या. पुढची तीन सेशन्स त्यांनी रद्द केली. आल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, "तुमचे पाच महिने वाया घालवले मी." हळदीला प्यालेल्या माणसाच्या मनात जे असतं, तेच! त्यात माझाही हात होता. दर सेशनला मी त्यांची प्रगती ऐकून इतकी खूश व्हायचे की अपयश घेऊन यायला माझ्या खोलीत जागाच उरली नव्हती.

त्या दिवशी मी 'अटॅकच्या वेळी मनात कोणते विचार आले' हा नेहमीचा तक्ता बाजूला ठेवला आणि व्यसनमुक्ती केंद्रातला कार्यकर्ता विचारेल तसं विचारलं. बसमध्ये चढण्याच्या आधीचा दिवस कसा होता? संकष्टी होती, सकाळपासून फक्त चहा. आदल्या रात्री जावेशी बोलाचाली, ती कुणाला सांगितलेली नाही. झोप चार तास. भूक, राग, एकटेपणा, थकवा. व्यसनातून उठलेली माणसं या चार गोष्टी स्वतःला विचारतात आणि चारांतल्या दोन जरी असल्या तरी त्या दिवशी जपून राहतात. बाईंच्या चारही होत्या. त्या हसल्या, म्हणाल्या, "मग बसचा काय दोष?" हे चार शब्द आता त्यांच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेले आहेत. नंतर आणखी दोनदा त्या बसमधून उतरल्या, पण दोन्ही वेळा त्याच आठवड्यात माझ्यासमोर येऊन बसल्या. माझ्या लेखी उपचाराला यश आलं ते इथे.

तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत एक गोष्ट ठरवून सांगते. "हे मधे कधीतरी बिघडणार आहे. बिघडेल तेव्हा चांगले कपडे घालून, चांगली बातमी घेऊन यायचं नाही. तसंच यायचं." आणि बिघडल्यावर पहिल्या 24 तासांत काय करायचं, हे आम्ही एका कागदावर लिहितो. फोन कुणाला, जेवायचं काय, कुठे जायचं नाही. चांगल्या दिवसात लिहिलेला कागद वाईट दिवशी वाचता येतो. वाईट दिवशी मात्र काही सुचत नाही.

दिंडोरीकडचे एक क्लायंट आहेत, त्यांनी हे माझ्यापेक्षा बरं सांगितलं. 'कायमचं बरं' कधी होणार असं त्यांची मुलगी विचारत होती. ते म्हणाले, "अगं, बाग एकदा लावली म्हणून सुटका होते का? एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. फुलोऱ्यात पाऊस आला तर रात्री उठून बघायचं. डाउनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसल्यावर फवारणारा शेतकरी बुडतो, ढग बघून फवारणारा वाचतो." मार्लाटचं सगळं म्हणणं या तीन-चार वाक्यांत आलं. नाशिकमध्ये बसून रिलॅप्स प्रिव्हेन्शन, म्हणजे रिलॅप्स टाळणं, समजावायला आपल्याला परदेशी तक्ते कशाला हवेत, असं मला त्या दिवशी वाटलं.

दुसरी गोष्ट आठवड्याच्या हिशेबाची. आठवड्यात 168 तास असतात. आपल्या वाट्याला एक येतो, फार तर दीड. उरलेल्या 167 तासांसाठी आपण गृहपाठ देतो आणि शुभेच्छा देतो. त्या वर्गातल्या म्हाताऱ्याने डायरीचं पान फाडून दिलं, ते त्या 167 तासांसाठी होतं. मार्शा लिनेहान यांच्या डीबीटीत, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीत, सेशन्सच्या मधलं फोनवरचं मार्गदर्शन हा उपचाराचा रीतसर भाग आहे. आपण ते 'सीमा' म्हणून टाळतो. सीमा हव्यात, रात्री बारा वाजता तासभर बोलावं असं मी म्हणत नाही. पण दिवसात एक ठरलेली वेळ, दहा मिनिटं, फक्त 'आत्ता पुढचा तास कसा काढू' एवढ्यासाठी? मी दोन वर्षं हे करतेय. भीती वाटली होती तेवढे फोन येत नाहीत. फोन करता येतो हे माहीत असणंच बहुतेकांना पुरतं.

आणि जिथे आपण पुरे पडत नाही, तिथे तसं सांगावं. रोलंड हॅझर्ड नावाचा अमेरिकन माणूस स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्याकडे दारूसाठी उपचार घेत होता. पुन्हा प्यायला लागल्यावर तो परत गेला, तेव्हा युंग यांनी वैद्यकीय किंवा मानसोपचाराने आणखी काही होईलशी आशा आता नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं आणि आध्यात्मिक अनुभवाचा मार्ग सुचवला. ती गोष्ट माणसांमाणसांतून बिल विल्सन यांच्यापर्यंत पोचली. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अक्रनला बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू झालं. 1961 मध्ये विल्सन यांनी युंग यांना पत्र लिहून त्या प्रांजळ बोलण्याचे आभार मानले. इतक्या मोठ्या चळवळीच्या मुळाशी एका मानसोपचारतज्ज्ञाने दिलेली आपल्या मर्यादेची कबुली आहे, याचा आपल्या व्यवसायाला अभिमान वाटायला हवा.

'हे सगळं भावनिक आहे, पुरावा काय' असं विचारणाऱ्यांसाठी: 2020 मध्ये कॉक्रन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. 27 अभ्यास, 10,565 माणसं. क्लायंटला नीट तयार करून अल्कोहोलिक्स अनॉनिमससारख्या बारा पायऱ्यांच्या गटाशी जोडून देणारी पद्धत दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत सीबीटीसारख्या (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या) प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरली आणि इतर बाबतींत साधारण बरोबरीची. 'नीट जोडून देणं' यावर माझा भर आहे. पत्ता लिहून हातात देणं म्हणजे जोडणं नव्हे. आधीच्या सदस्याशी आपल्यासमोर फोन लावून देणं, पहिल्या सभेला कोण घ्यायला येणार हे ठरवणं, पुढच्या सेशनला 'तिथे काय खटकलं' हे विचारणं, हे जोडणं.

महाराष्ट्रात हे आपल्याला नवीन नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून रुग्णमित्रांना रागावण्याऐवजी प्रेमाने वागवणं, बरे झालेल्यांनीच पुढच्यांना हात देणं, आणि पत्नींचा 'सहचरी' गट हे सगळं मराठीत, आपल्या माणसांवर करून दाखवलेलं आहे. आपण ते व्यसनमुक्तीच्या कप्प्यात ठेवून दिलं. आपल्या दवाखान्यांत आणलं नाही.

'सहचरी'वरून एक गोष्ट आठवते, ती मला फार महत्त्वाची वाटते. व्यसनाच्या कामात 'पांघरूण घालणं' हा शब्द सारखा येतो. नवरा पिऊन पडलाय आणि बायको कंपनीत फोन करून सांगते, ताप आलाय. सासरच्यांना सांगते, कामाचा ताण आहे. तिचा हेतू प्रेमाचा असतो, आणि त्या प्रेमामुळेच पिणं सोपं होतं. आता इंदिरानगरचं एक घर बघा. सव्वीस वर्षांचा मुलगा, मंत्रचळाचा आजार. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतलीच पाहिजे. आई दुधाच्या पिशव्या, भाजी, वडिलांची चावी, मोबाइल सगळं पुसते आणि 'पुसलं हं, बघ' असं त्याला तीनदा सांगते. मुलाचे विधी आईच करते. हेही पांघरूणच! मी मुलाबरोबर वर्षभर काम केलं, काही हललं नाही. मग आईला वेगळं बोलावलं आणि 'तुम्ही असं करू नका' असं न म्हणता 'यात तुमचं काय होतंय' हे विचारलं. त्या माऊलीला दहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिची बोटं फिनाइलने फाटली होती. तिच्यासारख्या तीन आयांना आम्ही महिन्यातून एकदा एकत्र बसवायला लागलो. पहिल्या बैठकीत दुसरी आई म्हणाली, "मी पण चाव्या धुते." त्या दोघींच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते मी कितीही सर्टिफिकेटं मिळवली तरी देऊ शकले नसते. चाव्या पुसणं बंद व्हायला त्यानंतर दोन महिने लागले.

सगळंच उचलायचं नाही, हेही तितक्याच मनापासून सांगते. "तळ गाठल्याशिवाय माणूस सुधारत नाही" हे वाक्य सोडून द्यावं. तळ गाठण्याआधीच गेलेली माणसं माझ्या माहितीत आहेत. तोंडावर अपमान करून 'डिनायल', म्हणजे व्यसन नाकारणं, 'मोडणं' तर नकोच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या अभ्यासात, थेरपिस्ट जितका अंगावर जातो तितका क्लायंट वर्षभरानंतर जास्त पितो, असं दिसलं. मारझोड आणि कोंडून ठेवणाऱ्या केंद्रांना क्लायंट पाठवणं हा तर गुन्ह्यात सहभाग आहे. ज्याला देव मानवत नाही त्याच्यावर प्रार्थना लादू नये. त्याला गटातली माणसं पुरतात. गोळ्या म्हणजे दुसरं व्यसन, असं सांगून कुणाची औषधं बंद करणाऱ्या 'जुन्या सदस्या'ला आपणच ठामपणे थांबवावं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला समुपदेशकाने कधीही "आजपासून बंद" असं सांगू नये. एकदम थांबवल्यावर दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टर, थायमिन (बी-1 जीवनसत्त्व), देखरेख, बोलणं त्यानंतर. मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांनी एकमेकांचे फोन उचलायला हवेत ते यासाठी. या शहरात ते पुरेसे उचलले जात नाहीत, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून माझं मागणं. महिन्यातून एकदा आपण सात-आठ जणांनी एकत्र बसावं आणि चांगल्या केसेस मांडण्याऐवजी सुटून गेलेल्या मांडाव्यात. कोण यायचं थांबलं, कधी, त्याआधीच्या सेशनला आपण काय बोललो होतो. मी माझ्या निफाडच्या बागायतदारांपासून सुरुवात करेन, नाव-गाव न सांगता. सीनियर मंडळींनी आधी आपल्या चुका सांगाव्यात, म्हणजे नव्यांना धीर येईल. व्यसनमुक्त माणसं दर आठवड्याला हे करतात. आपण वर्षानुवर्षं करत नाही, आणि क्लायंटने मात्र आपल्यासमोर सगळं उघडं करावं अशी आपली अपेक्षा असते.

दुसरं, प्रत्येकाने निदान एका खुल्या सभेला जाऊन यावं. व्हिजिटिंग कार्ड न काढता, मागच्या बाकावर बसावं. गेल्या महिन्यात मी पुन्हा गेले, तेव्हा हळदीवाले ते गृहस्थ सगळ्यांच्या आधी येऊन बाकं लावत होते. हे काम त्यांना त्या तिसऱ्या दिवशीच दिलं गेलं होतं. आपण नैराश्यातल्या क्लायंटला 'स्वतःची काळजी घ्या' एवढंच सांगतो. दुसऱ्यासाठी बाकं लावायला कधी सांगतो का?

ज्यांना यायचं असेल त्यांनी मला कळवा. पहिल्यांदा एकटीने आत जाणं मला जड गेलं होतं, दारापासून दोनदा परत फिरले होते. तुम्ही आलात तर मी गेटपाशी थांबेन.

आपली,
तुमच्यातलीच एक समुपदेशक, नाशिक